विमानवाहू जहाजांवरील विमानपथके व त्यांचे एकीकरण

विमानवाहू जहाजावर नेमलेल्या लढाऊ, पाणबुडीविरोधी व टेहळणी विमानांच्या पथकांना एकत्रितपणे त्या जहाजाचा विमानगट असे म्हणतात. हा गट जहाजाचा अविभाज्य भाग आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी वस्तुस्थिती तशी नाही. पथकांचा कायमचा तळ जमिनीवर असतो. जहाज खुल्या समुद्रात गेल्यावर विमाने त्यावर येऊन उतरतात आणि ते बंदरात परतण्यापूर्वी पुन्हा उड्डाण करून आपल्या तळाकडे जातात. जहाज महिनोन्‌महिने गोदीत राहिले, तर पथके तितका काळ जमिनीवरच असतात. त्यामुळे विमानपथक कोणाचे, त्याच्या वैमानिकांना शिक्षण कोणी द्यावयाचे आणि युद्धकाळी त्याला हुकूम कोणी सोडावयाचा, हे प्रश्न विमानवाहू जहाजांच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झाले. पथक नौसेनेचे नसून दुसऱ्या एखाद्या दलाचे असेल, तर ते अधिक बिकट होतात. अमेरिकेच्या मरीन दलाची पथके नौसेनेच्या जहाजांवर नेमण्याचा प्रयोग हे याचे सर्वांत दीर्घकाळ चाललेले उदाहरण होय. भारतात मुंबई व गोवा या दोन ठिकाणांभोवती हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात सोडविला गेला.

डेकवरील काम : जमिनीवरील पथक आहे तसे जहाजावर का नेता येत नाही, हे समजण्यासाठी डेकवरील कामाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. जमिनीवरील धावपट्टी दोन-अडीच किमी. लांब व स्थिर असते. पहिल्या विक्रांत जहाजाची एकूण लांबी सु. २१३ मी. होती व विमान उतरण्यास त्यातील काही भागच उपलब्ध होता. विमानाच्या शेपटीखालील आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एखादीत अडकला, म्हणजे विमान थांबते. तो अडकेलच याची शाश्वती नसल्याने चाके टेकताच वैमानिकाला इंजिनाचा वेग कमी न करता वाढवावा लागतो. जमिनीवरील वैमानिकाच्या सवयीच्या हे अगदी उलट आहे. जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगाने चालत असते, लाटांबरोबर डेक वरखाली होत असतो आणि ज्या ठिकाणाहून उड्डाण केले ते ठिकाण परतीच्या वेळी कित्येक किमी. पुढे सरकलेले असते. रात्री हे सर्व काम थोड्याशा दिव्यांच्या आधारे करावे लागते. हे कौशल्य एकदा मिळविले म्हणजे कायमचे राहते असेही नाही. काही आठवडे जहाजावर उतरण्याचा सराव झाला नाही, तर वैमानिकाची पात्रता पुन्हा तपासावी लागते.

वैमानिकाइतकेच महत्त्व डेकखालील लोकांना असते. विमानांचे पंख दुमडून ती उद्वाहकाने खाली नेणे, खाऱ्या हवेने गंजणारे भाग राखणे, बाँब व इंधन यांची आगीपासून जपणूक करणे आणि ठरलेल्या मिनिटाला ठरलेले विमान डेकवर उभे करणे, ही कामे जहाजाचे खलाशी व पथकाचे तंत्रज्ञ मिळून करतात. दोघांची परिभाषा, नोंदवह्या व सुटे भाग वेगवेगळे असतील, तर उत्तम वैमानिक असूनही पथक निरुपयोगी ठरते. एकीकरण हा शब्द आदेशपत्रात सोपा दिसतो. त्याची खरी परीक्षा या विमानघरात होते.

परदेशांतील अनुभव : ब्रिटनने १ एप्रिल १९१८ रोजी नौसेनेची व भूसेनेची विमानदले एकत्र करून रॉयल एअर फोर्स हे स्वतंत्र दल स्थापन केले. परिणामी ब्रिटिश नौसेनेच्या जहाजांवरील विमाने दुसऱ्या दलाच्या मालकीची झाली. जहाज नौसेनेचे, विमाने वायुसेनेची आणि वैमानिक अंशतः दोघांचे अशी ही व्यवस्था होती. नव्या विमानांच्या मागणीत जहाजी विमानांचा क्रम नेहमीच शेवटी लागे. १९३७ मध्ये ब्रिटिश सरकारने ही विमाने नौसेनेकडे परत देण्याचे ठरविले व मे १९३९ मध्ये हस्तांतर पूर्ण झाले. पण त्यानंतर चारच महिन्यांत महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश जहाजांना दुपंखी स्वोर्डफिश विमानांनिशी त्यात उतरावे लागले.

अमेरिकेतील स्थिती वेगळी होती. तेथील मरीन दल हे मूलतः जहाजांवरून किनाऱ्यावर उतरणारे पायदळ असून ते नौसेनेच्याच खात्यात मोडते. त्याचे वैमानिक नौसेनेच्या वैमानिकांबरोबर एकाच शाळेत शिकतात. १९३१ ते १९३४ या काळात मरीन दलाची दोन टेहळणी पथके साराटोगा व लेक्सिंग्टन या जहाजांवर नेमलेली होती. नंतर मात्र उतरणाऱ्या पायदळाला हवाई साहाय्य देणे हेच या पथकांचे मुख्य काम मानले गेले व ती बेटांवरील तळांवर गेली. डिसेंबर १९४१ च्या आरंभी २११ क्रमांकाच्या मरीन पथकाची बारा विमाने एंटरप्राइझ जहाजाने वेक बेटापर्यंत पोहोचविली. जहाज येथे केवळ वाहन होते. पुढील काही दिवसांत जपानी आक्रमणाविरुद्ध त्या पथकाने केलेला प्रतिकार प्रसिद्ध आहे.

कॉर्सेअर या लढाऊ विमानाची हकीकत बोधप्रद आहे. लांब नाकाडामुळे वैमानिकाला पुढचा डेक दिसत नाही व उतरताना विमान उसळते, या कारणांनी अमेरिकन नौसेनेने ते आरंभी जहाजांना अयोग्य ठरविले आणि ते मोठ्या प्रमाणावर मरीन दलाला दिले. १९४४ च्या अखेरीस जपानी आत्मघाती विमानांचे हल्ले सुरू झाल्यावर जहाजांना अधिक लढाऊ विमाने तातडीने हवी झाली आणि तीच मरीन पथके त्याच विमानांसह जहाजांवर बोलावण्यात आली. २८ डिसेंबर १९४४ रोजी अशी दोन पथके एसेक्स जहाजावर दाखल झाली. पहिल्या काही दिवसांत शत्रूच्या माऱ्यापेक्षा खराब हवामान व डेकवरील अपघात यांतच त्यांची अधिक हानी झाली. वैमानिक अननुभवी नव्हते. त्यांना डेकचा सराव देण्यास पुरेसा अवधी मिळाला नव्हता, एवढेच. कोरियन युद्धात, ऑगस्ट १९५० मध्ये, मरीन पथके सिसिली व बडोंग स्ट्रेट या लहान जहाजांवरून लढली, तर व्हिएटनाम युद्धात ती मोठ्या जहाजांच्या विमानगटांत सामील झाली. पुढे विमानांची संख्या कमी पडू लागल्यावर नौसेना व मरीन दल यांनी २००२ मध्ये करार करून ही नेमणूक नियमित केली. त्या करारान्वये मरीन पथके जहाजांवर जातात, तशीच नौसेनेची पथके मरीन दलाच्या जमिनीवरील पाळीतही भाग घेतात. मरीन दलातील काहींना ही व्यवस्था रुचली नाही. आपल्या पायदळाला ऐन वेळी आपलीच विमाने मिळणार नाहीत, ही त्यांची शंका निराधार म्हणता येणार नाही.

भारतीय नौसेनेचा आरंभ : स्वतंत्र भारताने जहाजी विमाने नौसेनेच्याच ताब्यात ठेवण्याचे प्रारंभापासून ठरविले. ब्रिटनमधील वीस वर्षांचा घोळ समोर असल्याने हा निर्णय सुज्ञपणाचा होता, असे म्हणावे लागेल. ११ मे १९५३ रोजी कोची येथे गरुड हा नौसेनेचा पहिला विमानतळ कार्यान्वित झाला. ब्रिटनमध्ये अर्धवट बांधून पडलेले हर्क्युलीस जहाज १९५७ मध्ये विकत घेण्यात आले व बेलफास्ट येथे पुरे करून ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते विक्रांत या नावाने नौसेनेत दाखल झाले. कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू हे त्याचे पहिले कप्तान. तिरका डेक, वाफेवर चालणारा कॅटापुल्ट व उतरण्यास मार्गदर्शक ठरणारा आरसा या तिन्ही नव्या सोयी त्यावर होत्या.

पथके जहाजापूर्वी वा जहाजाबरोबरच, पण दोन वेगळ्या देशांत तयार झाली. सी हॉक जेट विमानांचे ३०० क्रमांकाचे पथक जुलै १९६० मध्ये ब्रिटनमध्ये, तर फ्रेंच अलिझे या पाणबुडीविरोधी विमानांचे ३१० क्रमांकाचे पथक मार्च १९६१ मध्ये फ्रान्समध्ये उभे राहिले. एकाचे तंत्रज्ञ इंग्रजी पुस्तकांवर शिकलेले, दुसऱ्याचे फ्रेंच कारखान्यात. एक विमान जेट, एका वैमानिकाचे. दुसरे पंख्याचे व तिघा जणांचे. या दोहोंचे एकीकरण विक्रांतच्या डेकवर झाले. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी त्यावर पहिले जेट विमान उतरविले. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी जहाज मुंबईस पोहोचले. त्यानंतर दीड महिन्यात गोवा मुक्त झाला व दाबोळी येथील धावपट्टी उपलब्ध झाली. कोईमतूरजवळ असलेला हंस हा नौसेनेचा विमानतळ १९६४ मध्ये दाबोळीस हलविण्यात आला आणि तेव्हापासून भारतीय जहाजी लढाऊ पथकांचे घर गोव्यात, तर त्यांचे जहाज मुंबईत अशी विभागणी झाली. दोहोंमधील हवाई अंतर सु. ४२५ किमी. आहे.

या व्यवस्थेतील उणीव १९६५ च्या युद्धात उघड झाली. ॲडमिरलपदी नव्हे, तर व्हाइस ॲडमिरल या हुद्द्यावर नौसेनाप्रमुख असलेले भास्कर सदाशिव सोमण यांच्या कारकीर्दीत हे युद्ध झाले. त्या वेळी विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीसाठी उभे होते. पथके सज्ज असूनही त्यांना जहाज नव्हते. ती जमिनीवरील साध्या पथकांसारखीच राहिली. अमेरिकेत अनेक जहाजे असल्याने एक गोदीत गेले, तर पथक दुसऱ्यावर पाठविता येई. भारताजवळ एकच जहाज होते. दोन दलांतील स्पर्धेपेक्षा ही एकजहाजी स्थिती भारतीय विमानपथकांची खरी अडचण ठरली व ती पुढेही दीर्घकाळ कायम राहिली.

१९७१ चे युद्ध : या युद्धाच्या वर्षीही विक्रांतची स्थिती चांगली नव्हती. चार बाष्पित्रांपैकी एकाला तडे गेल्याचे आढळले होते व जहाजाचा वेग सु. १६ सागरी मैलांवर आला होता. जहाजाचा वेग हा केवळ प्रवासाचा प्रश्न नसतो. विमानाला उचलण्यास डेकवरून वाहणारा वारा हवा असतो आणि तो जहाजाचा वेग व नैसर्गिक वारा यांच्या बेरजेतून मिळतो. वारा मंद असेल व जहाजही मंद चालत असेल, तर विमानावर कमी बाँब लादावे लागतात किंवा त्याचे उड्डाणच थांबवावे लागते. युद्धात असे जहाज वापरावे की बंदरात ठेवावे, याविषयी मतभेद होते. पुन्हा एकदा जहाजाविना युद्ध घालवावे लागले, तर नौसेनेतील वैमानिकी शाखेच्या अस्तित्वाविषयीच प्रश्न निघेल, ही जाणीव जहाज वापरण्याच्या बाजूस होती. अखेर ते बंगालच्या उपसागरात पाठविण्यात आले.

४ डिसेंबर १९७१ रोजी सकाळी आठ सी हॉक विमानांनी विक्रांतवरून उड्डाण करून कॉक्स बझारवर हल्ला केला. दुपारी चितगाववर हल्ला झाला. पुढील दिवसांत सी हॉक दिवसा व अलिझे मुख्यतः रात्री अशी कामाची वाटणी झाली. बंदरे, धावपट्ट्या, इंधनाच्या टाक्या व नदीमुखांतील जहाजे ही लक्ष्ये होती. पाकिस्तानी सैन्याची समुद्रमार्गे सुटका होण्याची वाट अशा रीतीने बंद झाली. गोळीबाराने काही विमानांना इजा झाली. परंतु शत्रूने विक्रांतवरील एकही सी हॉक पाडले नाही. जहाजाचे कप्तान स्वराज प्रकाश व सी हॉक पथकाचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता या दोघांनाही महावीर चक्र मिळाले. जहाज चालविणारा व पथक चालविणारा यांचा गौरव एकाच पदकाने झाला, हे योग्यच होते. दुरुस्तीतून नुकतेच बाहेर आलेले जहाज व जमिनीवर राहिलेली पथके यांचा मेळ थोड्या अवधीत घालणे, हे त्या मोहिमेतील सर्वांत कठीण काम होते. पश्चिम किनाऱ्यावर मात्र जमिनीवरील तळावरून टेहळणी करणारे एक अलिझे विमान १० डिसेंबर रोजी पाकिस्तानी एफ-१०४ विमानाने पाडले. मंदगती टेहळणी विमानाला लढाऊ विमानांचे संरक्षण नसले म्हणजे काय होते, याचे ते कटू उदाहरण होय.

वायुसेना व नौसेना : याच युद्धात एकीकरणाची उलट बाजूही दिसली. नौसेनेचे वैमानिक अरुण प्रकाश हे त्या वेळी वायुसेनेच्या २० क्रमांकाच्या पथकात प्रतिनियुक्तीवर होते. जमिनीवरील तळावरून हंटर विमान चालवून त्यांनी पाकिस्तानातील विमानतळांवर हल्ले केले व त्यांना वीर चक्र मिळाले. पुढे ते नौसेनाप्रमुख झाले. एक माणूस दुसऱ्या दलाच्या पथकात सामावून घेणे हे संपूर्ण पथक दुसऱ्या दलाच्या जहाजावर नेण्यापेक्षा पुष्कळच सोपे असते, असे यावरून दिसते.

सागरी टेहळणीचा प्रश्न इतक्या सहजासहजी सुटला नाही. समुद्रावर दूरवर टेहळणी करणारी सुपर कॉन्स्टेलेशन विमाने एअर इंडियाकडून घेतलेली असून ती वायुसेनेच्या ६ क्रमांकाच्या पथकात पुण्याच्या लोहगाव तळावर होती. हवाई सामर्थ्य अविभाज्य आहे, ते दलादलांत वाटल्यास दुबळे होते, ही वायुसेनेची भूमिका होती. समुद्रावरील जहाजाला हवी ती माहिती हव्या त्या वेळी मिळावयाची, तर टेहळणी करणारा अधिकारी नौसेनेच्याच आज्ञेखाली असला पाहिजे, असे नौसेनेचे म्हणणे होते. दोन्ही भूमिकांत तथ्य होते. १९७१ च्या अनुभवानंतर सरकारने नौसेनेच्या बाजूने निर्णय दिला व १९७६ मध्ये ही विमाने हस्तांतरित झाली. दाबोळी येथे ३१२ क्रमांकाचे पथक त्यांसाठी उभारण्यात आले. दुसऱ्याच वर्षी सोव्हिएट बनावटीची इल्यूशिन-३८ विमाने थेट नौसेनेत आली. वायुसेनेच्या ६ क्रमांकाच्या पथकाकडे मात्र सागरी काम पुन्हा आले. १९८० नंतरच्या दशकात त्याला जहाजविरोधी क्षेपणास्त्रे वाहून नेणारी जॅग्वार विमाने मिळाली.

विराट व सी हॅरियर : सी हॉक विमाने जुनी झाल्यावर ३०० क्रमांकाच्या पथकाला सी हॅरियर ही जवळजवळ उभी उतरू शकणारी विमाने देण्यात आली. पहिली तीन विमाने १६ डिसेंबर १९८३ रोजी दाबोळीस आली. त्यांचे नेतृत्व अरुण प्रकाश यांच्याकडे होते. त्यानंतर काही दिवसांतच ती विक्रांतवर उतरली. अडविणाऱ्या तारांची गरज न राहिल्याने डेकवरील जुनी विद्या काही अंशी मागे पडली.

१२ मे १९८७ रोजी भारतीय नौसेनेत आलेले विराट हे पूर्वीचे ब्रिटिश हर्मिस. ताहिलियानी हे तेव्हा नौसेनाप्रमुख होते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या जहाजाचा पूर्वेतिहास महत्त्वाचा आहे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात हर्मिसवर नौसेनेच्या सी हॅरियर पथकांबरोबर ब्रिटिश वायुसेनेचे १ क्रमांकाचे हॅरियर पथकही होते. दोन्ही विमाने एकाच कुळातील. तरीही वायुसेनेच्या विमानांतील दिशादर्शक यंत्रणा जमिनीवर स्थिर उभे असताना जुळवून घेण्याच्या हिशोबाने बनविलेली होती व हलत्या डेकवर ती नीट जुळेना. तात्पुरत्या उपायांवर निभावून न्यावे लागले. पुढे २००० मध्ये ब्रिटनने दोन्ही दलांची हॅरियर पथके एका संयुक्त आधिपत्याखाली आणली. परंतु सी हॅरियर २००६ मध्ये व उरलेली हॅरियर २०१० मध्ये सेवेतून काढण्यात आली आणि ब्रिटिश जहाजे काही वर्षे लढाऊ विमानांविना राहिली.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाले. त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळ भारताजवळ पुन्हा एकच विमानवाहू जहाज राहिले. सी हॅरियर विमाने मे २०१६ मध्ये दाबोळी येथे व विराट ६ मार्च २०१७ रोजी मुंबई येथे निवृत्त झाले.

अलीकडील काळ : रशियाकडून घेतलेले विक्रमादित्य हे जहाज १६ नोव्हेंबर २०१३ रोजी नौसेनेत आले व कारवार हा त्याचा तळ झाला. त्यासाठीच्या मिग-२९के विमानांचे ३०३ क्रमांकाचे पथक त्याच वर्षी मे महिन्यात हंस तळावर उभे राहिले. सी हॅरियर गेल्यावर ३०० क्रमांकाच्या पथकानेही हेच विमान घेतले. मिग-२९के तारांच्या साहाय्याने उतरत असल्याने मधल्या तीन दशकांत लोपलेली विद्या पुन्हा शिकावी लागली. काही वैमानिकांना त्यासाठी अमेरिकन नौसेनेच्या शाळांत पाठविण्यात आले. दाबोळी येथे जहाजाच्या डेकसारखा चढ व अडविणाऱ्या तारा जमिनीवरच उभारण्यात आल्या. जहाज उपलब्ध नसतानाही सराव चालू ठेवण्याची ही सोय १९६५ साली असती, तर तिचा उपयोग झाला असता. ११ जानेवारी २०२० रोजी भारतीय बनावटीचे हलके लढाऊ विमान विक्रमादित्यवर उतरले. नवे, भारतात बांधलेले विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे सेवेत दाखल झाले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये कोकण किनाऱ्याजवळ भारत व ब्रिटन यांचा कोकण शक्ती हा तिन्ही दलांचा संयुक्त सराव झाला. त्यात भाग घेणाऱ्या क्वीन एलिझाबेथ या ब्रिटिश जहाजाच्या विमानगटात ब्रिटनच्या ६१७ क्रमांकाच्या पथकाबरोबर अमेरिकेच्या मरीन दलाचे २११ क्रमांकाचे पथकही होते. वेक बेटावर लढलेले पथक ते हेच. एका देशाच्या मरीन दलाची दहा एफ-३५बी विमाने दुसऱ्या देशाच्या नौसेनेच्या जहाजावर नेमली गेली होती व ब्रिटिश विमानांची संख्या त्याहून कमी, म्हणजे आठ होती. ६१७ हे पथकही वायुसेना व नौसेना या दोहोंच्या मनुष्यबळाचे आहे. म्हणजे भारतीय मिग-२९के विमाने ज्या गटाबरोबर सराव करीत होती, त्यात दोन देशांची तीन दले होती. विमानाचा प्रकार एकच असल्याने व डेकवरील पद्धती आधीपासून जुळवून घेतल्याने हे शक्य झाले.

२८ एप्रिल २०२५ रोजी भारताने फ्रान्सशी नौसेनेसाठी २६ राफेल-एम विमानांचा करार केला. त्यांपैकी २२ एका आसनाची, जहाजावरून उडणारी आहेत. उरलेली चार दोन आसनांची असून ती जहाजावर उतरू शकत नाहीत व जमिनीवरील प्रशिक्षणासाठीच वापरावयाची आहेत. वायुसेनेजवळ याच जातीची ३६ विमाने २०२० ते २०२२ या काळात आली. सी हॉक व अलिझे यांच्या काळी दोन दलांच्या विमानांत काहीच समान नव्हते. आता सुटे भाग, शस्त्रास्त्रे व शिक्षक यांची देवघेव होण्यास वाव आहे. नौसेनेच्या या करारातच वायुसेनेच्या राफेल विमानांसाठी लागणारी काही साधनसामग्री समाविष्ट करण्यात आली आहे.